पान अठ्ठेचाळीसची तिसरी प्लेट

बापूजी: हात काढ वं त्या माऊसवरून. काढ म्हणतो न. हे इस्टूल ओढून मी इथं बसतो, अन् तुले एक गोष्ट सांगतो. पुरी ऐकून घे. मंग तुले डिलीट माराचं असन त मार, मी अडवणार नाही.

वैभवी: बापूजी, गोष्टीला टाइम कुठे आहे? चार वाजता प्लेटा काढायला पाठवायच्या, रविवारी समाजाचा मेळावा. आणि मी सकाळपासून एकाच फाईलशी डोकं फोडून राहिले. सगळे गच्चीवर उन्हात जेवून राहिले, माझा डबाही उघडला नाही अजून.

बापूजी: काय म्हणते फाईल?

वैभवी: तीन प्लेटा म्हणते. वधू-वर पुस्तिका दोन रंगात छापायची आहे नं? काळा आणि कुंकू. दोन शाया, दोन प्लेटा. सेपरेशन काढलं, म्हणजे रंग वेगळे करून पाहिले, तर तीन दाखवते. आधी वाटलं नेहमीचा घोळ असेल, कोणीतरी तोच लाल दोन नावांनी टाकला असेल. होताच तसा. एका ठिकाणी 'कुंकू', एका ठिकाणी 'लाल दोन'. ते मी एक केलं. तरी तीन. मग म्हटलं जाहिरातवाल्यांच्या फायलींतून आला असेल एखादा वेगळ्या शाईचा स्पॉट कलर. सगळ्या जाहिराती काढून पाहिल्या. तरी तीन.

बापूजी: अन् तिसऱ्याचं नाव?

वैभवी: नावच नाही. कोरी जागा. शेवटी एकेक पान घेऊन बसले तेव्हा सापडला. फक्त अठ्ठेचाळीस नंबरच्या पानावर आहे, खालच्या कोपऱ्यात. वर कोणीतरी पांढरा चौकोनी डब्बा ठेवला आहे झाकायला, आणि त्याच्या खाली...

बापूजी: त्याच्या खाली एका पोरीचा बायोडाटा आहे. गार्गी मधुसूदन, मुक्काम कन्हान.

वैभवी: तुम्हाला कसं माहीत? तुम्ही तर मशीन सोडून या खोलीत पायही टाकत नाही.

बापूजी: सालातून एकदा टाकतो. पुस्तिकेच्या दिवशी. तू आता लागली न इथं, दीड महिना झाला. तुले कोण सांगन?

वैभवी: बरं, सांगा. पण लवकर.

बापूजी: लवकर सांगाची गोष्ट नाही ते. तरी सांगतो. तुह्या या खुर्चीवर सुमंत बसे. तू नाही पाहिला त्याले. बारीक, कागदासारखा. महाल वस्तीतला पोरगा, घरात तीन पिढ्या कारकून, त्यामुळं हाताले लय शिस्त. एक अनुस्वार सुटला त दोन दिवस जेवण जाये नाही त्याले. कोणी जोरानं बोललं का कान लाल होत. पण काम असं का मी मशीनवर डोळे मिटून प्लेट चढवू.

वैभवी: नाव ऐकलं आहे. आधी इथं बसणारा रोहित म्हणत होता, कामात एक नंबर होता म्हणून.

बापूजी: हाव. त दहा साल झाले. हीच पुस्तिका, हाच समाज. साडेतीनशे पोट्ट्यापोट्ट्यायचे बायोडाटे. सगळे पोट्टे निर्व्यसनी, सगळ्या पोरी गृहकृत्यदक्ष, अन् उंची सगळ्यायची दोन-दोन इंच जास्त.

वैभवी: ह्या वर्षीही तेच आहे. एकानं तर सहा फूट लिहिलं आणि फोटोत बाजूच्या कुंडीएवढा दिसते.

बापूजी: कुंडी मोठी असन. ऐक. त्यात एकशे त्रेचाळीस नंबरले ही गार्गी. वय चोवीस, बी. कॉम., बुटीबोरीले कापडाच्या कंपनीत हाफिसात. फाईल तयार, सगळं तपासून झालं, अन् पंधरा दिवसांनं मशीनवर जाणार. तेवढ्यात ती पोरगी घरी नाही आली.

वैभवी: नाही आली म्हणजे?

बापूजी: नाही आली म्हणजे नाही आली. दुपारच्या साडेचारले कंपनीच्या बसनं इथं बर्डीच्या चौकात उतरवून देल्लं. चांगलं ऊन होतं, माणसं होते. एका गाडीवाल्यापासून तिनं दोन केळं घेतले. तिथून कन्हानची बस धराची. केळंवाला म्हणे, मी सुट्टे पैसे द्याले मान वर केली त पोरगी नव्हती. पोलिसायनं पाहिलं, नातेवाइकायनं पाहिलं. कोणाशी बोलणं नाही, भांडण नाही, काही नाही. बाप मधुसूदन आधीच वारला होता. घरी माय, अन् लहान भाऊ पिंटू.

वैभवी: बाप रे.

बापूजी: दहाव्या दिवशी समाजाच्या सेक्रेटरीचा फोन आला सुमंतले. म्हणे ते नाव काढून टाका. शुभ कामाचं पुस्तक आहे, लोक काय म्हणतीन. आता काढाचं कसं? पावत्यायवर नंबर लिहून गेले होते सगळ्यायचे. एकशे त्रेचाळीस काढला का चव्वेचाळीसचा त्रेचाळीस होते, मागचे दोनशे जण सरकते. कोणाची पोरगी कोणाच्या नंबरावर जाऊन बसन, मंडपात मारामाऱ्या होतीन. म्हणून सुमंतनं काय केलं, काढलं नाही. वरून पांढरा डब्बा ठेवून देल्ला. पडद्यावर पाहा त कोरी जागा.

वैभवी: आणि त्या डब्याला ओव्हरप्रिंट लागलेलं होतं.

बापूजी: हाव, तोच शब्द. तुले बरोबर माहीत आहे.

वैभवी: नेहमीची चूक आहे बापूजी. पांढऱ्याला ओव्हरप्रिंट दिलं की ते स्क्रीनवर झाकलेलं दिसते, पण छपाईत खालचं सगळं जसंच्या तसं येते. पांढरी शाई कुठे असते मशीनवर?

बापूजी: तेच म्हटलं मी त्याले. माह्या मशीनले पांढरं समजत नाही बाप्पा, कागद समजते. हजार पुस्तकं छापून झाले, शिलाई झाली, अन् पान अठ्ठेचाळीसवर एकशे त्रेचाळीस नंबर जसा होता तसा, काळ्या शाईत. सेक्रेटरीनं इथं येऊन जो तमाशा केला. सुमंत बिचारा कागदाच्या रिमांमागं जाऊन बसला.

वैभवी: आणि तिची आई?

बापूजी: सुभद्राबाई. तेही आली, दोन दिवसांनं. सुमंतले वाटलं आता ही शिव्या देईन. तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणे, बरं केलं बाबू, छापलं ते. हजार घरी गेलं. कोणी न कोणी पाहीन, कोणाले दिसली असन त ओळखन. पुढच्या साली बी ठेवजो. सुमंतच्या तोंडून 'हो' निघून गेलं.

वैभवी: समाजवाले ठेवू देतील?

बापूजी: कायचे देतात? दुसऱ्या साली त्यायनं आधीच बजावलं. त सुमंतनं जुनी फाईल उघडली, तिचं सेव्ह ॲज केलं, अन् यावेळेस डब्बा बी काढला अन् खालचा मजकूर बी काढला. दोन्ही. माह्यासमोर काढला, मले मुद्दाम बलावून. मंग नवीन नावं भरले सारे. प्लेटा काढाच्या दिवशी सेपरेशन पाहते, त तीन.

वैभवी: सेव्ह झालं नसेल नीट. किंवा चुकून जुन्याच फाईलवर काम केलं असेल. माझ्याकडूनही होते असं.

बापूजी: तो बी हेच म्हणे. 'बापूजी, माझीच चूक असेल.' मंग त्यानं डब्बा बाजूले सरकवला. खाली गार्गी. एकशे त्रेचाळीस. अन् वय लिहून पंचवीस.

वैभवी: पंचवीस?

बापूजी: मागच्या साली चोवीस होतं न.

वैभवी: त्यानंच बदललं असेल मग. विसरला असेल.

बापूजी: असन. मी बी तसंच म्हटलं. पण त्याचं तोंड पाहिलं असतं तू. अन् ते काळ्या शाईत नव्हतं आता. सुमंत म्हणे, हा रंग मी बनवलाच नाही, हा कुठून आला? जांभळा होता. ताज्या वांग्याच्या सालीसारखा. नाव नाही, नंबर नाही. मी त्याले म्हटलं, तिसरी प्लेट म्हणजे तिसरी शाई, अन् माही मशीन दोन रंगाची. काढून टाक. त्यानं काढली. पुन्हा पाहिलं, पुन्हा तीन. पुन्हा काढली. भर दुपारी बाराची वेळ होती, खिडकीतून रस्त्यावरचा सगळा गोंधळ ऐकू येऊन राहिला, अन् हा पोरगा त्या बटनावर बोट ठेवून बसला. दर वेळेस ती जागा कोरी होये. अन् दर वेळेस यादीत तीन.

वैभवी: मग काय केलं?

बापूजी: करतं काय. पुस्तिकेसाठी दोनच प्लेटा काढल्या, तिसरी सोडून देल्ली. पुस्तक नीट छापून झालं. पण त्याच दिवशी सुभद्राबाई दारात उभी. 'ठेवलं न बाबू?' आता सुमंत कसा सांगन? त त्यानं ती तिसरी प्लेट वेगळी काढून आणली, अन् मले म्हणे, बापूजी, एकच कागद छापून द्या. एकच. मी डोळ्यानं पाहून शाई मिसळली. लाल, निळा, मिसळाच्या डब्यातला जरासा पांढरा. मशीनले लावली, एक पान काढलं अन् तिच्या हाती देल्लं.

वैभवी: ती काय म्हणाली?

बापूजी: वाचलंच नाही तिनं पहिले. कागदावर बोट ठेवलं अन् खाली बसली. म्हणे, हा त तिच्या ओढणीचा रंग आहे. त्या दिवशी जे घेऊन गेली होती.

वैभवी: ते पोलिसांच्या कागदात लिहिलं असेल. पेपरातही आलं असेल. सुमंतदादांनी वाचलं असणार.

बापूजी: वाचलं असन. पेपरात 'जांभळी ओढणी' लिहून असन. पण जांभळे शंभर असते वं. मी चाळीस साल शाई मिसळली आहे. मायले रंग दाखवला अन् तिनं बोट ठेवलं, असं उगीच होत नाही.

वैभवी: बापूजी, तुम्ही मला घाबरवून राहिले.

बापूजी: घाबराचं काही नाही त्यात. निदान आम्हाले नाही वाटलं तसं. सवय होते माणसाले. दर साली पुस्तिका आली का सुमंत उघडे, यादीत तीन. सव्वीस. सत्तावीस. दर साली मी एक कागद छापे, अन् दर साली मले शाईत पांढरं जास्त टाका लागे.

वैभवी: का?

बापूजी: रंग उतरत चालला होता. सुमंतनं तो आकडा दाखवला मले, टक्केवारीचा.

वैभवी: टिंट. रंग किती गडद ते.

बापूजी: तेच. पहिले शंभर, मंग नव्वद, मंग ऐंशीच्या जवळ. मायले म्हटलं रंग फिका पडून राहिला. ते हासली. म्हणे, धुवून धुवून विटतेच न गा ओढणी. सत्ताविसाव्या साली काय झालं, खाली 'चष्मा' लिहून राहते न बायोडाट्यात?

वैभवी: हो, 'चष्मा: आहे, नाही'.

बापूजी: पहिले 'नाही' होतं. त्या साली 'आहे' झालं. सुमंत पांढरा पडला, अन् माय खूश. म्हणे, बापावर गेली. मधुसूदनले बी सत्ताविशीतच लागला होता. अठ्ठाविसाव्या साली 'अपेक्षा' मिटली. आधी होतं, निर्व्यसनी, नोकरी करणारा, एकत्र कुटुंब चालेल. ते सगळं गेलं. 'अपेक्षा' लिहून अन् पुढं काहीच नाही. त्या साली मात्र बाई हासली नाही. कागद घडी करून पदरात ठेवला अन् चहा न पिताच गेली.

वैभवी: सुमंतदादांनी कोणाला सांगितलं नाही? मालकाला?

बापूजी: मालकाले काय सांगन? का वय वाढून राहिलं म्हणून? तो आतल्या आत वाळत गेला. त्याले एकच लागलं होतं. मले म्हणे, 'बापूजी, दहा दिवसांत. दहा दिवसांत आपण तिला झाकलं. तिच्या घरचे अजून बसथांब्यावर उभे होते, आणि मी डब्बा ठेवून दिला.' मी म्हटलं, तुले सांगतलं म्हणून तू ठेवला. तो म्हणे, 'ठेवला मीच नं.' मंग एका साली त्यानं कम्प्युटरातून फाईल पुरी काढली, पेनड्राइव्हमध्ये घेतली, अन् तो पेनड्राइव्ह सालभर घरी देवघरात ठेवला. त्याची बायको रोज त्याच्या बाजूले दिवा लावे. पुढच्या साली इथं आणून लावला. एकोणतीस.

वैभवी: घरी कोणी उघडला असेल.

बापूजी: त्याच्या घरी कम्प्युटर नव्हता. बरं, तेही सोड. मंग लॉकडाऊन आलं. मेळावा नाही, पुस्तिका नाही. प्रेसले कुलूप. त्या साली ती फाईल कोणी उघडलीच नाही. कोणीच नाही. पुढच्या साली सुमंतनं उघडली त तीस पाहिजे होतं न?

वैभवी: हो. एकदाच उघडली, एक वाढायला पाहिजे.

बापूजी: एकतीस होतं.

वैभवी: म्हणजे बंद फाईलमध्येही वाढलं?

बापूजी: सुमंत उठला. खुर्ची आत सरकवली, टेबल पुसला, डबा घेतला अन् गेला. आता बेसा वस्तीत दुकान आहे त्याचं, मोबाईलचे कव्हर विकते. मी गेलो होतो एकदा. हात दाखवला, चहा पाजला. इथलं एक अक्षर नाही काढलं.

वैभवी: एक विचारू? राग नका मानू. हे सगळं तुम्हीच करत नसाल कशावरून? सुमंतदादा गेले, तुम्ही तर इथंच आहात.

बापूजी: मी चौथी शिकलो बाई. ते बी नापास झालो. हा तुहा उंदीर धरला का माहा हात असा थरथरते, हे पाहा. मले 'ग' कुठं आहे बटनात ते दाखव म्हटलं त शाम होईन. सुमंतनंतर रोहित बसला, त्याले मी म्हटलं तिसरी प्लेट वेगळी दे, मशीनची टेस्ट करतो. देल्ली त्यानं. बत्तीस. मंग बंटी बसला. त्यानं बी देल्ली. तेहतीस. दोघायले काही माहीत नाही. ते कानात वायर घालून काम करत. आता तू बसली.

वैभवी: आणि तुम्ही मलाही तसंच म्हणू शकले असते. टेस्टसाठी दे म्हणून. मी दिली असती. गोष्ट काहून सांगितली?

बापूजी: आता कशी बोलली नागपूरची पोरगी. सांगतो. सकाळी मी चहा घेऊन तुह्या मागं उभा होतो, तू पाहिलं नाही. तू डब्बा सरकवला तवा मले दिसलं. पुन्हा सरकव.

वैभवी: थांबा. हे घ्या.

बापूजी: वय वाच.

वैभवी: तेहतीस.

बापूजी: मागच्या साली बी तेहतीसच होतं. हा पाहा मागच्या सालचा कागद, मायच्या एकासोबत मी दर वेळेस एक जास्तीचा छापतो अन् ठेवतो. वाच.

वैभवी: तेहतीस. पण... बंटीकडून काही चुकलं असेल. त्यानं नीट सेव्ह...

बापूजी: रंगाचा आकडा पाहा.

वैभवी: बावीस टक्के.

बापूजी: मागची फाईल उघड. तिच्यात?

वैभवी: एक मिनिट. ...बावीसच.

बापूजी: मले आकडा पाहाची गरज नव्हती. हा कागद पडद्याले लावला अन् समजलं. ह्या साली ओढणी धुतलीच नाही. दहा सालात पहिल्यांदा.

वैभवी: चष्मा आहे. अपेक्षा कोरी. काहीच बदललं नाही. बापूजी, ह्याचा मतलब काय?

बापूजी: मतलब मले नको विचारू. मी मशीनचा माणूस आहे.

वैभवी: एखाद्या वर्षी राहून जाते नं. माणूस विसरते.

बापूजी: लॉकडाऊनात नाही विसरलं ते.

वैभवी: मग मी काय करू? डिलीट करू म्हणता की नाही?

बापूजी: चौतीस कर.

वैभवी: काय?

बापूजी: शेवटच्या तिनाच्या जागी चार. तेवढंच. अन् रंग थोडा विटव, बावीसचा अठरा कर. प्लेट काढून आण, मी एक कागद छापतो. कोणाले काही समजणार नाही. माह्यानं होत असतं त तुले म्हटलं नसतं.

वैभवी: नाही बापूजी. आजपर्यंत कोणी केलं ते माहीत नाही, ठीक आहे. पण हे मी केलं असं मला माहीत राहील. त्या बाईच्या हातात मी टाइप केलेलं वय देऊ? ते खोटं आहे.

बापूजी: अन् तेहतीस खरं आहे?

वैभवी: ते निदान मी नाही लिहिलं.

बापूजी: तुले अजून एक सांगतो, मंग तूच ठरव. पिंटूचं लग्न अडून आहे. पोरीवाले विचारतात, मोठी बहीण कुठं आहे, तिचं काय ते पक्कं करा. वकिलानं सांगतलं, सात सालांच्यावर बेपत्ता माणूस असला का कोर्ट मेला धरते. सगळा कागद तयार आहे. सोमवारी मायची सही पाहिजे. दोन साल झाले पिंटू तो कागद घेऊन फिरून राहिला, अन् माय एकच म्हणते, प्रेसमधून येऊ दे मले, मंग सांगते. मागच्या साली तेहतीस पाहिलं अन् पिंटूले म्हणे, जिवंत पोरीच्या नावानं सही करू काय?

वैभवी: म्हणजे ह्या वर्षी तेहतीसच पाहिलं तर ती सही करेल.

बापूजी: करीन. अन् घरी जाऊन पाणी सोडीन पोरीच्या नावानं.

वैभवी: आणि चौतीस पाहिलं तर पिंटूचं लग्न पुन्हा एक वर्ष. आणि पुढच्या वर्षी मी पस्तीस करायचं. त्याच्या पुढं छत्तीस. मी नोकरी सोडली तर येणाऱ्या पोराला तुम्ही हेच इस्टूल ओढून हीच गोष्ट सांगणार.

बापूजी: मी जिता राहिलो त.

वैभवी: तुम्ही हे तिच्यासाठी मागून राहिले की तुमच्यासाठी?

बापूजी: हा मागच्या सालचा कागद घडी करून ठेवू दे पहिले.

वैभवी: सांगा नं.

बापूजी: दहा साल मी त्या पोरीची शाई मिसळली वं. पाहिली नाही कधी तिले. पण शाईच्या डब्यात पांढरं टाकताना मले दर साली वाटे, आता कुठंतरी वाळू घातली असन तिनं ती ओढणी. तारेवर. एवढंच. अजून काही नाही.

वैभवी: बापूजी, मला रडवू नका आता. काम करायचं आहे.

बापूजी: रडू नको. घड्याळ पाहा. सुभद्राबाई दर साली दोनच्या बसनं येते.

वैभवी: आज येणार? पण प्लेट नाही निघाली, कागद नाही छापला...

बापूजी: म्हणून त सकाळपासून तुह्या मागं उभा होतो.

(दाराशी चपला काढल्याचा आवाज.)

सुभद्राबाई: आहा का गा बापूजी भाऊ? मशीन चूप आहे त मले वाटलं आज सुट्टीच आहे का काय.

बापूजी: या, या सुभद्राबाई. जेवणाची सुट्टी आहे. सगळे वरतं आहेत. तुम्ही तिकडे मशीनजवळ बसा, उन्हात, मी चहा सांगतो.

सुभद्राबाई: चहा नको. बस लय हालली. हे तिळाचे लाडू आणले, संक्रांत झाली न. ही कोण? बंटी गेला काय?

बापूजी: गेला. ही वैभवी. नवीन आहे.

सुभद्राबाई: चांगलं झालं. पोरगी बसली या खुर्चीवर ते चांगलं झालं. घे वं, लाडू घे. हातचा आहे. इतकी काहून घाबरली? भाऊ रागावला काय तुले?

वैभवी: नाही काकू. कामाचं टेन्शन आहे थोडं. फाईलमध्ये प्रॉब्लेम होता.

सुभद्राबाई: निघाला?

वैभवी: अजून पाहून राहिले.

बापूजी: सुभद्राबाई, कागदाले टाइम आहे अजून. प्लेटच नाही आली. असं करा, आज जा. उद्या मी स्वतः कन्हानले आणून देतो. माही बी एक चक्कर आहे तिकडे.

सुभद्राबाई: तुमची कायची चक्कर कन्हानले? दहा सालात आले नाही कधी. नाही भाऊ, पिंटू स्कुटर घेऊन बर्डीवर उभा आहे माह्यासाठी. म्हणते, आई, जे असन ते आजच सांग, मले पोरीवाल्यायले फोन करा लागते. त्याचं बी बरोबर आहे. किती थांबन तो तरी? त्याच्या कानामागं केस पिकले, मी आज पाहिले. कागद राहू द्या. ह्या टीव्हीवर असनच न ते? सुमंत मले पहिले इथंच दाखवे.

वैभवी: काकू, ते... अजून फायनल नाही.

सुभद्राबाई: नसू दे. मले फक्त आकडा पाहिजे. सरक जराशी. इथंच आहे न, ह्या कोपऱ्यात? हे फिकं-फिकं?

वैभवी: हो. इथंच.

सुभद्राबाई: किती फिकी झाली. मले त धुकंच दिसते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं राहिलं. बापूजी भाऊ, तुम्ही नका सांगू. तुम्ही माह्या मनाचं सांगान, मी ओळखते तुम्हाले. ही पोरगी सांगन. मी इथं उभी आहे, काही होत नाही मले. तू वाच न वं बाई, किती लिहून आहे ह्या साली.